स्वतंत्र मीटर की घरमालकाचा सब-मीटर?

पुण्यात भाड्याचे घर ठरवताना भाडे आणि डिपॉझिट यांवर घासाघीस होते. विजेचा हिशोब मात्र किल्ली हातात आल्यावर सुरू होतो. महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल, तर घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतो आणि त्याखेरीज स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा) व विद्युत शुल्क लागते. स्थिर आकारामुळे कुलूपबंद घरालाही थोडे बिल येतेच. सब-मीटरवर, म्हणजे घरमालकाच्या मुख्य मीटरमागे बसवलेल्या उपमीटरवर, घरमालक प्रति युनिट एकच दर सांगतो. हिशोब सोपा खरा, पण मुख्य मीटर तीन बिऱ्हाडांचा असल्यास सर्वांचा वापर एकत्र धरला जाऊन वरचा टप्पा लागतो आणि काटकसरीने राहणाराही तोच दर भरतो. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला की दिवसाला एक युनिट होते, म्हणजे एवढ्याचेच महिन्याला तीस. एकट्याने राहणाऱ्याने, माझ्या मते, स्वतंत्र मीटरच पाहावा. मात्र आधीची थकबाकी नाही ना, हे ग्राहक क्रमांकावरून तपासून घ्यावे. सब-मीटरच असेल, तर पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये असावा. पाण्याचा खर्च बहुधा सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये जातो. उन्हाळ्यातील टँकरची वर्गणी कोणाकडे, हे तेवढे करारात लिहून घ्यावे.