आठवडी बाजारातला रिठा: घ्यायचा तर अख्खा

विदर्भातल्या आठवडी बाजारात कपडे धुवायचा रिठा अख्खाही मिळतो, भुकटीही. भुकटी टाळा. फेस येतो तो टरफलाचा. बी दळून वजन वाढवलं तर कळत नाही, वर चोथा कपड्यांना चिकटतो. अख्खा रिठा फोडून बी काढा, दहा-बारा फळांची टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, वीस मिनिटं उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. बादलीला एक कप पुरे, पाणी कोमट हवं.

बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय धरते तशी इथे धरत नाही, हा मोठा फायदा. रंगीत सुती आणि लोकरीसाठी उत्तम. हळद-तेलाचे डाग मात्र हलत नाहीत. कपाशीवर कीटकनाशक फवारताना घातलेले कपडे यात धुऊच नका. ते वेगळे, गरम पाणी आणि डिटर्जंटनेच.

उन्हाळ्यात काढा दोन दिवसांत आंबतो, थोडाच करा. डोळ्यांत गेला तर जबर झोंबतो. धुण्याचं पाणी तळ्यात सोडू नका, मासे मरतात; ‘निसर्गाचं’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पाकिटावरच्या ‘जैविक भारत’ चिन्हालाही भुलू नका, ते सेंद्रिय खाद्यपदार्थांसाठी असतं.