वेस्पा, फॅसिनो की ॲक्सेस? रोजच्या ऑफिससाठी जुन्या वळणाची स्कूटर निवडताना

गोल दिवा, फुगीर पाठ, आरशाच्या कडेला क्रोम. हे पाहून मन भुलतं, आणि पुण्यात तर त्यामागे घरोघरीच्या आठवणी आहेत. साठच्या दशकात बजाजने आकुर्डीत परवान्यावर वेस्पाच बनवली, मग १९७२ पासून चेतक. त्यामुळे पेट्रोलवरची, पण जुन्या वळणाची स्कूटर हवी असं कुणी म्हटलं की मला ते लगेच समजतं. सव्वाशे सीसीत त्यासाठी तीन नावं पुढे येतात: वेस्पा १२५, यामाहा फॅसिनो १२५ आणि सुझुकी ॲक्सेस १२५.

दिसण्यात वेस्पाला तोड नाही. बाकी दोघींनी जुना बाज अंगावर घेतलाय, वेस्पाचा तो सांगाडाच आहे. तिचं पत्र्याचं अंग हीच तिची चासी. आत वेगळी चौकट नाही. पुढचं चाकही एकाच बाजूने धरलेलं. २०१२ पासून ती आपल्या बारामतीत बनते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. हा पत्रा हाताला भरीव लागतो आणि गाडी रस्त्यावर ठाम वाटते. पण शहरात रोज गाडी घासते, पार्किंगमध्ये शेजारची अंगावर पडते. प्लॅस्टिकचं पॅनेल फुटलं तर काढून नवं बसवता येतं. पत्र्याला पोचा आला की डेंटिंग-पेंटिंगवाला गाठावा लागतो, आणि मूळ रंगाशी रंग जुळवणं सोपं नसतं.

माझ्या मते खरा निकाल मात्र वजनावर लागतो. फॅसिनो ९९ किलो, ॲक्सेसचं नवं मॉडेल १०६, वेस्पाचं व्हीएक्सएल मॉडेल ११५. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. सोसायटीच्या उतारावरून गाडी उलटी ओढून काढताना, किंवा दोन गाड्यांच्या फटीत मेन स्टँडवर चढवताना तो दंडाला कळतो. दिवसातून चार वेळा ही कसरत करायची असेल, उंची बेताची असेल किंवा गुडघे-कंबर कुरकुरत असतील, तर मी डोळे मिटून फॅसिनो सांगेन. तिची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते: सेल मारताना नेहमीचा खर्रर्र आवाज येत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, ॲक्सिलरेटर पिळला की गुपचूप चालू होतं, आणि जागेवरून निघताना पहिले काही क्षण इंजिनाला छोटी इलेक्ट्रिक मोटर हात देते. कर्वे रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत याचा उपयोग दर सिग्नलला जाणवतो.

मग ॲक्सेस कुणी घ्यावी? ज्याच्या मागे रोज कुणीतरी बसतं त्याने. बायकोला बँकेशी सोडून पुढे ऑफिस, येताना मुलीला क्लासहून घ्यायचं, अशा घरात तिची ऐसपैस सीट आणि दोघांना घेऊन न कुरकुरता ओढणारं इंजिन कामाला येतं. पेट्रोलचं झाकणही सीटबाहेर. पंपावर पाऊस पडत असताना डिकीतलं सामान भिजत नाही. दिसायला ती तिघींत सगळ्यात साधी आहे, हे मान्य.

खड्ड्यांचं म्हणाल तर पुढचं चाक मोठं तेवढं बरं. फॅसिनो आणि ॲक्सेसचं पुढचं चाक १२ इंची, वेस्पा व्हीएक्सएलचं ११. मागे तिघींनाही १० इंचीच. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, म्हणून हा एक इंच मी सोडून देत नाही. दोन्ही चाकं १२ इंची हवी असतील तर हीरोची २०२५ची गोलसर डेस्टिनी १२५ बघा, फक्त ती वजनाला वेस्पाच्या जवळ जाते.

पैशाचा हिशेब उघड आहे. वेस्पाला बाकी दोघींच्या साधारण दीडपट मोजावे लागतात, सर्व्हिस सेंटरं कमी आहेत, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक तिला हात लावायला कचरतो. तरीही रोजचं अंतर पाच-सात किलोमीटर असेल, घराजवळ सर्व्हिस सेंटर असेल आणि झाकलेलं पार्किंग असेल, तर वेस्पा जरूर घ्या. रोज सकाळी गाडीकडे जाताना आनंद होणं हेही खरं कारण आहे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर नको.

टेस्ट राइड रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सहानंतर जा, मागे रोज बसणारं माणूस बसवा, एक चढ आणि दोन-चार स्पीडब्रेकर येतील असा रस्ता निवडा. परत आल्यावर शोरूमच्या पोराला बाजूला उभं करा आणि गाडी स्वतः मेन स्टँडवर लावून बघा.