झेड ब्राँझ घ्यावं का? इंदूरच्या एका भाजणीवालीचं मत

रामबागेत आमचं भाजणी, मेतकूट आणि गोड्या मसाल्याचं छोटं युनिट आहे. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाचं ‘झेड’ प्रमाणपत्र घ्या, असं आमच्या सीएंनी सुचवलं. झेड म्हणजे ‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’: मालात खोट नको, पर्यावरणाला त्रास नको. ब्राँझ ही त्याची पहिली पायरी, सिल्वर पुढची. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी होतीच. ब्राँझची मूळ फी 10,000 रुपये. सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के सूट, आणि धंदा बाईच्या मालकीचा असेल तर पूर्ण माफ. युनिट माझ्या नावावर, म्हणजे फुकटच. तरी एक एजंट चिकटलाच. “मॅडम, फाइल रेडी आहे, फक्त सही करा.” चाळून बघितली तर कुठल्याशा वेल्डिंग वर्कशॉपचे सुरक्षा-नियम! भाजणी काय हेल्मेट घालून भाजायची?

मग स्वतःच बसले. निकष पाचच: नेतृत्व, स्वच्छता, सुरक्षितता, वेळेवर डिलिव्हरी, गुणवत्ता. आधी शपथ, मग उत्तरं आणि फोटो चढवायचे. पहिले तीन पटकन उरकले.

खरी मजा डिलिव्हरीच्या रजिस्टरात. ऑर्डर कधी आली, कधी द्यायची ठरली, कधी गेली, उशीर का. दिवाळीआधीचा महिना लिहून काढला तेव्हा कळलं, आम्ही उगाच चक्कीच्या नावाने खडे फोडत होतो. माल तयार असायचा, छापील पाऊच आलेले नसायचे. आता पाऊच गणपतीतच मागवते.

गुणवत्तेच्या नोंदींवर आमच्या मावशी रुसल्या. “वासावरून कळतं मला, लिहायचं कशाला?” नाक त्यांचं पक्कं, वादच नाही, पण त्या गावी गेल्या की भाजणीचा रंग बदलायचा. आता तांदूळ, डाळी, धणे कोणी किती वेळ भाजले ते घाण्याच्या नंबरासकट लिहितो, आणि मावशींच्या हातच्या घाण्याची एक बरणी नमुना म्हणून ठेवली आहे. नवी मुलगी रंग त्या बरणीशी ताडून बघते.

विक्री वाढेल म्हणून घेणार असाल तर राहू द्या. राजवाड्याकडचे दुकानदार सर्टिफिकेट बघत नाहीत, भाव विचारतात. प्रश्न सगळ्या धंद्यांना सारखेच, त्यामुळे चकली खुसखुशीत होते का, हे कोणी विचारत नाही. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) वेगळं लागतंच. माझ्याकडून ब्राँझला पाचपैकी साडेतीन गुण.

सिल्वरला 14 निकष, शिवाय माणसं जागेवर येऊन बघतात. आमच्या मागच्या खोलीत पावसाळ्यात ओल येते आणि डाळीची पोती तिथेच असतात. त्यांच्याखाली फळ्या टाकून होईपर्यंत तो अर्ज मी भरणार नाही.