गोष्टींचे फासे: नऊ जास्तच होतात

वर्षाच्या सुरुवातीला हा संच घेतला आणि सातवीच्या भाषेच्या तासाला वर्षभर वापरला, त्यामुळे आता त्यावर बोलायचा हक्क मिळाला असं धरते. डबीत नऊ फासे, तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, शिक्षकांसाठी एक पातळशी पुस्तिका आणि गुण द्यायची कार्डं. फाशांवर ठिपक्यांऐवजी चित्रं आहेत. मासा, शिडी, कुलूप, चंद्र, छत्री, पाऊलखुणा वगैरे. नऊही फासे एकदम टाकायचे आणि वर आलेली चित्रं जोडून गोष्ट रचायची, असा डबीवरचा नियम.

तो नियम इमानेइतबारे पाळून मी पहिले तीन तास वाया घालवले. नऊ चित्रं समोर मांडली की मूल गोष्ट सांगत नाही, हजेरी घेतं. मासा? हजर. छत्री? हजर. ‘आणि मग त्याला किल्ली सापडली आणि मग तो बोटीत बसला आणि मग चंद्र उगवला.’ एका वहीत मी सतरा ‘आणि मग’ मोजले. त्यात लिहिणाऱ्याचा काय दोष? नऊ वस्तू संपवायच्या म्हटल्यावर कोणाला काय वाटलं हे लिहायला उसंत कुठून मिळणार?

डबीवर ‘कोट्यवधी गोष्टी’ असं ठळक छापलंय. मुलांनी गणिताच्या तासाला हिशेब केला: सहा नऊ वेळा गुणले की १,००,७७,६९६. ‘म्हणजे एकच कोटी, बाई. कोट्यवधी नाही!’ फाशांचा क्रमही मोजला तर आकडा भलताच फुगतो हे मी त्यांना सांगितलं नाही. मुलं जाहिरातीचा मजकूर तपासताहेत, हे मला जास्त आवडलं.

चौथ्या तासाला सात फासे डबीतच ठेवले. इटालियन बाललेखक जानी रोदारी यांची एक जुनी युक्ती आहे: एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांना वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडून बघायचं. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट असं आहे. आपल्याकडे हे काम विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं करतात, आणि काय झकास करतात! आमच्या फाशांवर मासा आणि शिडी आले. शिडीवरचा मासा, माशाची शिडी, शिडीखालचा मासा, माशासाठी शिडी. जे प्रत्यय पाठ करताना वर्ग पेंगतो, तेच इथे मुलं ओरडून सांगत होती, कारण प्रत्यय बदलला की अख्खी गोष्टच बदलत होती. ‘माशासाठी शिडी’ म्हणणाऱ्या मुलीला सगळे हसले. मग मी सांगितलं की अशा शिड्या खरोखरच असतात. काही धरणांच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा मार्ग बांधतात, आणि अंडी घालायला वरच्या अंगाला निघालेले मासे त्यावरून उड्या मारत चढतात. नंतरचा आठवडाभर ती मुलगी वर्गात जरा ताठ मानेनं वावरली.

लेखनासाठी मात्र मला सगळ्यात लाभली ती तीन फाशांची रीत. दोन उघडे ठेवायचे, तिसरा पेल्याखाली झाकायचा. सात-आठ मिनिटं लिहून झालं की पेला उचलायचा. अट एकच: तिसरं चित्र गोष्टीत नुसतं येऊन चालणार नाही, त्यानं कोणाचा तरी निर्णय बदलला पाहिजे. ‘कलाटणी’ म्हणजे काय हे मी फळ्यावर कैकदा लिहिलंय, पण पेल्याकडे बघत पेन चावणाऱ्या वर्गाला ते वेगळं सांगावं लागलं नाही.

साहित्य शिकवताना फासे कसे वापरावेत, याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. खरं तर मला ते तिथेच जास्त उपयोगी पडले. कथा वाचून झाली की एक फासा टाकायचा आणि आलेलं चित्र त्या कथेत कुठे बसतं ते शोधायचं, तेही ओळ दाखवून. एकदा कुलूप आलं. कथेत कुलूप नव्हतंच. बराच वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, ‘आई दोनदा बोलता बोलता थांबते ना, तिथे आहे कुलूप.’ रसग्रहणाच्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आणखी एक. स्वतःबद्दल लिहा म्हटलं की अंग चोरणारी मुलं असतात. त्यांना फासा आडोसा देतो. मागच्या बाकावरच्या एकानं आतून बंद असलेल्या दाराबद्दल दीड पान लिहिलं आणि वही देताना म्हणाला, ‘फाशात घर आलं म्हणून लिहिलं.’ मी ‘हो’ म्हटलं. ते पान मी वर्गात वाचून दाखवलं नाही.

आता तक्रारी. फासे कडक प्लास्टिकचे आहेत. बाकावर पडले की गोळ्या उधळल्यासारखा आवाज होतो. डबीच्या झाकणात जाड कापड घालून त्यात टाका. चित्रं कोरलेली नाहीत, छापलेली आहेत, त्यामुळे सहामाहीपर्यंत चंद्र पुसट होऊन लिंबाची फोड झाला. (मुलांनी त्याचाही उपयोग केला, ते सोडा.) बेचाळीस मुलांना एक संच पुरत नाही, मागच्यांना काही दिसत नाही म्हणून चित्रं मला फळ्यावर काढावी लागतात, आणि माझा मासा भोपळ्यासारखा दिसतो. वाळूचं घड्याळ तोंडी गोष्टीला ठीक, लेखनाला जाच. सावकाश लिहिणारं मूल वाळूकडेच बघत बसतं. गुणांकनाच्या कार्डांवर ‘कल्पकता: ५ पैकी’ असा रकाना आहे. ती कार्डं मी पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकली.

घ्यावा का? चार-पाच मुलांचा गट असेल, तोंडी गोष्टी करायच्या असतील, तर जरूर घ्या. पूर्ण वर्गासाठी जाड कागदावर सहा चौकोनांची फुली आखा, कापा, दुमडा, चिकटवा आणि वाचलेल्या धड्यांतली चित्रं मुलांकडूनच काढून घ्या. आम्ही दुसऱ्या सत्रात तसे अकरा फासे केले. त्यांतल्या एकाची एक बाजू मुलांनी कोरीच ठेवली आहे आणि ती वर आली की वर्गात भांडण होतं, कारण तिथे काय आहे ते टाकणाऱ्यानं ठरवायचं की लिहिणाऱ्यानं, हे अजून मिटलेलं नाही.

विकतच्या संचातला एक फासा जानेवारीत हरवला. मी दोन दिवस शोधला, मुलांनी शोधलाही नाही.