उंदीर पळवण्याचं 'पॅकेज' घेण्याआधी हे वाचा

पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर कोरडी, उबदार जागा शोधत वर येतात. उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना आयतंच सापडतं. नेमक्या याच दिवसांत पुण्यात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून 'रॅट प्रोटेक्शन' विकणारे येतात. आम्हाला त्यांच्यापैकी एकाने सरळ फसवलं आहे. तुमच्याकडेही तो येईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पॅकेज ४,८०० रुपयांचं. त्यात तीन गोष्टी होत्या: बॅटरीला जोडायचं अल्ट्रासोनिक यंत्र, वायरिंगवर 'हर्बल कोटिंग' आणि एसीसाठी हवा आत येते त्या तोंडाला स्टीलची जाळी. "ताई, वर्षभरात एक जरी उंदीर शिरला तरी जबाबदारी आमची," असं तो माणूस चारचौघांसमोर म्हणाला. काम करताना मात्र गाडी 'जरा कोपऱ्यावर' घेऊन गेला. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं की हमी फक्त यंत्रातल्या बिघाडापुरती आहे.

काही आठवड्यांनी एसी लावला की कुबट वास यायला लागला. मग एका सकाळी चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी सुरूच होईना. नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं. बॉनेटच्या आतल्या बाजूचं फेल्ट कुरतडून बॅटरीच्या बाजूला घरटं केलेलं, त्यात शेंगांची टरफलं आणि लेंड्या. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरींचं तांबं उघडं पडलेलं. तिथून वीतभर अंतरावर ते यंत्र, हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. मेकॅनिकने ग्लव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळतो तो) बाहेर ओढला, तर त्याला भलंमोठं भोक. "ताई, जाळी कुठाय?" त्याने विचारलं. जाळी बसवलेलीच नव्हती. पावतीवर तिचे १,२०० रुपये लावलेले होते. वायरिंगचा खर्च अकरा हजारांच्या वर गेला.

यंत्राबद्दल नीट समजून घ्या, कारण सगळा धंदा त्यावर चालतो. त्याचा आवाज वीस हजार हर्ट्झच्या वरचा असतो, माणसाला ऐकूच येत नाही. त्यामुळे ते खरंच आवाज करतंय की नुसता दिवा लागलाय, हे ग्राहकाला कळायची सोय नाही. असा आवाज इंजिन, बॅटरी यांच्या आडून पलीकडे नीट पोचत नाही, आणि उंदीर त्याला सरावतातही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. कोटिंगचं तर विचारूच नका. निलगिरीचा वास आठवड्यात उडाला. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं.

खरा उपयोग जाळीचाच आहे, पण ती आपल्या डोळ्यांसमोर बसवून घ्या आणि फोटो काढा. छोटा उंदीर जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतून जातो, म्हणजे भोकं त्याहून बारीक हवीत. गाडीत बिस्किटांचे पुडे, डबे ठेवू नका. गाडी दिवसेंदिवस एकाच जागी उभी ठेवू नका. बॉनेटमध्ये विष अजिबात नको, उंदीर एसीच्या डक्टमध्ये मेला तर तो वास महिनोन्‌महिने जात नाही. घरटं काढताना हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, ही पावसाळ्यात हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आणि विम्याचा क्लेम करायचा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी तारा बदलल्या की दाखवायला काही उरत नाही.

विक्रेत्याने आधी फोन उचलले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यानंतर त्याने जाळीचे पैसे परत केले. यंत्र, कोटिंग आणि वायरिंगच्या खर्चाबद्दल तो हात वर करतो आहे. आता मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तिथे फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. एकाच प्रकारे फसलेले बरेच जण असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रारही चालते. त्या टेबलावरून ज्यांनी हे पॅकेज घेतलं आहे त्यांनी आजच केबिन फिल्टर काढून जाळी आहे का बघावं, आणि नसेल तर पावती जपून ठेवून मला कळवावं.