वैद्यकीय सवलत की फेरतपासणी?

अमळनेरला पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या एका मुलाने परवा मला विचारले, की अमेरिकेच्या राखीव दलात दमा असूनही प्रवेश मिळतो, तर आपल्या प्रादेशिक सेनेत, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणाऱ्या नागरिकांच्या 'टेरिटोरियल आर्मी'त, का मिळू नये? तिकडे वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतर दमा असल्याची नोंद उमेदवाराला अपात्रच ठरवते. परंतु जुने कागद, फुफ्फुसांची चाचणी आणि तज्ज्ञाचा अभिप्राय पाहून त्या दलाचा सक्षम अधिकारी 'वेव्हर', म्हणजे सवलत, देऊ शकतो. तपासणाऱ्या डॉक्टरला तो अधिकार नसतो, आणि सवलत हा उमेदवाराचा हक्कही नव्हे.

१९४९ साली उभ्या राहिलेल्या आपल्या प्रादेशिक सेनेची वाट धरणाऱ्याने मात्र अशा सवलतीवर भिस्त ठेवू नये. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यावर होणाऱ्या फेरतपासणीत निकष तोच राहतो, फक्त पहिला निष्कर्ष पुन्हा पडताळला जातो. म्हणून दोष बरा होणारा असेल, तर आधीच उपचार घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्या मुलाच्या कानात मळ इतका घट्ट बसला होता, की पडदाच दिसत नव्हता. धुळ्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो एका बैठकीत काढला. दमा असा निघत नाही, आणि तो लपवणे तर दोन्हीकडे अंगाशी येते.