क्लास लावायच्या आधी शिकवणाऱ्याला एकच विचारा, तुम्ही नाचाकडे आलात कसे?

जोडीनं नाचायला शिकायचंय, मग सालसा असो, बचाटा असो, टँगो असो की स्विंग, आणि दोन-तीन क्लास समोर आहेत, कुठला लावू, असं मला बरेचदा विचारलं जातं. विचारणाऱ्याकडे बाकी माहिती तयार असते, म्हणजे कुणाची वेळ जमते, कुणाचे व्हिडिओ भारी आहेत, कुणी स्पर्धा जिंकल्यात वगैरे. मी उलट विचारते की शिकवणारा माणूस स्वतः नाचाकडे कसा आला ते माहितीये का? बहुतेकांना ते माहीत नसतं. आणि मला तर इतक्या वर्षांनी वाटतं की निवडताना सगळ्यात जास्त उपयोग याच माहितीचा होतो, कारण माणूस जे स्वतः धडपडत शिकला ते तो उलगडून सांगू शकतो, आणि जे त्याला सहज आलं ते तो नुसतं करून दाखवतो. तुम्ही कुठे अडकणार आहात यावर मग ठरतं की कुणाकडे जायचं.

आधी फ्लोअरवर वाढलेले शिक्षक घेऊ. लहानपणापासून मोठ्यांना बघून बघून शिकलेले, ज्यांनी स्वतः कधी क्लास लावलाच नाही. यातलं सगळ्यात मोठं नाव माझ्यासाठी लिंडी हॉपचे, म्हणजे स्विंगमधल्या एका नाचाचे, फ्रँकी मॅनिंग. जन्म १९१४, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅवॉय बॉलरूममध्ये घडलेला माणूस, लिंडीमध्ये पार्टनरला हवेत उडवायच्या स्टेप्स, ज्यांना एरियल म्हणतात, त्या १९३५ साली त्यांनीच आणल्या असं मानतात. मग त्या नाचाचे दिवस गेले, मॅनिंग पोस्टात नोकरीला लागले आणि तीसेक वर्षं तिथेच काढली. १९८६ साली कॅलिफोर्नियातले दोन तरुण नर्तक त्यांना शोधत गेले की आम्हाला शिकवा. म्हणजे सत्तरी उलटल्यावर हा माणूस शिक्षक झाला! आणि २००९ साली, पंचाण्णवाव्या वाढदिवसाला महिना राहिला असताना गेले, तोपर्यंत जगभर फिरून शिकवलं. आयुष्यभर जे अंगात होतं त्याचे तुकडे करून ते दुसऱ्याला कसे द्यायचे हे त्यांनी म्हातारपणी शिकून घेतलं, हे मला त्यांच्या एरियलपेक्षाही मोठं वाटतं.

टँगोचंही थोडं तसंच झालं. अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्समध्ये १९४० च्या दशकातले पुरुष आधी आपापसात सराव करायचे, नवा मुलगा आला की जुने लोक त्याला आधी फॉलो करायला, म्हणजे पार्टनर नेईल तसं नाचायला लावायचे, लीड, म्हणजे स्वतः पार्टनरला नेणं, नंतर, असं त्या पिढीचे नाचणारे सांगत आलेत. मग मधे बरीच वर्षं टँगो मागे पडला. १९८३ साली पॅरिसमध्ये 'टँगो आर्हेंतिनो' हा शो झाला, १९८५ ला तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला, आणि एकदम सगळ्या जगाला टँगो शिकायचा होता. मग ज्यांनी उभ्या जन्मात क्लास घेतला नव्हता असे जुने लोक शिक्षक झाले.

अशा माणसाकडून जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही हे आधी सांगते. गाणं कसं ऐकायचं, कुठे काहीच न करता नुसतं उभं राहायचं, गर्दीत दुसऱ्या जोडीला धक्का न लावता कसं सरकायचं, अनोळखी माणसाला तीन मिनिटांत मोकळं कसं करायचं, हे सगळं त्यांच्याकडे असतं आणि ते त्यांच्या शेजारी राहूनच येतं. पण तुम्ही विचारलंत की माझं नेमकं काय चुकतंय, तर उत्तर बऱ्याचदा "फील कर" असं येतं. माझे पहिले सर असे होते. अतिशय सुंदर नाचायचे, अजूनही त्यांच्याबरोबर नाचताना मला जे वाटतं ते कुणाबरोबर वाटत नाही. पण सालसातल्या क्रॉस बॉडी लीडमध्ये, म्हणजे लीड करणारा बाजूला होऊन पार्टनरला आपल्या समोरून पलीकडे नेतो त्या स्टेपमध्ये, मी दर वेळी त्यांच्या आधी निघायचे आणि ते म्हणायचे, "घाई करू नकोस, ऐक, फील कर," आणि मी सहा महिने मनापासून फील करत राहिले आणि दर वेळी आधीच निघत राहिले.

ते सुटलं ते दुसऱ्या एका सरांकडे. हे दिवसभर हिशोबाचं काम करणारे, चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लासला गेलेले, उशिरा आलेल्यांमधले. त्यांनी माझं एकदाच बघितलं आणि गाणं बंद केलं. सालसा आठ आकडे मोजत नाचतात, त्यातल्या तीनच्या काउंटवर मला थांबवून विचारलं, आत्ता वजन कुठल्या पायावर आहे? मी म्हटलं उजव्या. ते म्हणाले मग डावा उचल. आणि डावा उचलायच्या आधी मला अंग उजवीकडे ढकलावं लागलं, म्हणजे वजन उजव्यावर नव्हतंच, दोन्ही पायांच्या मधोमध लटकत होतं. मग त्यांनी माझ्या डाव्या पायाखाली कागदाचा कपटा ठेवला. तीनवर मी थांबायचं, त्यांनी कागद ओढायचा, सुळकन निघाला तर वजन गेलं, अडकला तर नाही गेलं. अख्खा तास आम्ही तेवढंच केलं. तीनवर उजव्या पायावर पूर्ण वजन, चारला काही नाही, पाचला डावा मोकळा. वजन मधे राहिलं की पार्टनरला कळत नाही तुमचा कुठला पाय मोकळा आहे आणि तुम्हालाही कळत नाही, मग तुम्ही अंदाजानं निघता आणि ते बाहेरून घाई केल्यासारखं दिसतं. पहिले सर जी घाई म्हणत होते ती घाई नव्हतीच.

नंतर मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला इतक्या पटकन कसं दिसलं, तर म्हणाले मी स्वतः इथेच वर्षभर अडकलो होतो. त्यांच्याकडे तेव्हाची वही अजून आहे, तारीख टाकून लिहिलेली, आज काय जमलं नाही आणि का. उशिरा आलेल्या शिक्षकाची हीच ताकद, रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याच्या ओळखीचा असतो. आणि हे काही नवीन नाही हं, ज्यांच्या नावानं डान्स स्टुडिओंची एवढी मोठी साखळी झाली ते आर्थर मरे, जन्म १८९५, तेसुद्धा लहानपणी लाजाळू, उंच, किडकिडीत, लोकांत मिसळायला घाबरणारे होते आणि त्यासाठीच नाच शिकले. पुढे त्यांनी पावलांचे छापील ठसे पोस्टानं पाठवून लोकांना घरबसल्या स्टेप्स शिकवल्या. ज्याला नाच मुळातच येत होता त्याच्या डोक्यात पावलांचे ठसे छापायची कल्पना आली असती असं मला नाही वाटत.

कमी काय पडतं तेही सांगायला हवं. उशिरा आलेल्यांचं कधीकधी सगळं फार डोक्यातून येतं, काउंट बरोबर, वजन बरोबर, आणि गाण्यात ट्रम्पेट वर गेला तरी अंगात काही होत नाही. दोन वर्षांनंतर मला तिथे अडकल्यासारखं झालं आणि मी पहिल्या सरांकडे परत गेले, आणि तेव्हा त्यांचं "फील कर" मला पहिल्यांदा खरंच कळलं. एक धोका अजून, काही जण स्वतः वर्षभर शिकून लगेच शिकवायला लागतात. धडपड ताजी असते पण ती संपलेली नसते, त्यामुळे किती वर्षं झाली हे जरूर विचारा.

तिसरे, परीक्षा आणि स्पर्धांच्या वाटेनं आलेले. १९२४ साली लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगनं बॉलरूमची वेगळी शाखा काढली आणि स्टेप्स, तंत्र, संगीत यांचे नियम बसवायला सुरुवात केली, त्यातले व्हिक्टर सिल्व्हेस्टर तर १९२२ चे विश्वविजेते. आजही ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा देत आलेला शिक्षक तुम्हाला पाऊल टाचेवर टाकायचं की चवड्यावर हे प्रत्येक स्टेपला सांगेल, पाठ, खांदे, फ्रेम (म्हणजे पार्टनरला धरताना हातांची आणि खांद्यांची ठेवण) सगळं सरळ करेल, आणि गुडघे किंवा कंबर आधीच कुरकुरत असेल तर हे फार मोलाचं आहे. पण स्पर्धेतली जोडी ठरलेली असते, दोघांनाही पुढची स्टेप पाठ असते, त्यामुळे लीड स्पष्ट नसला तरी चालून जातं. सोशलला, म्हणजे कुणीही कुणाबरोबर नाचतं अशा पार्टीत, अनोळखी पार्टनर समोर आला की नेमकं तेच चालत नाही. म्हणून अशा शिक्षकाला सोशलमध्ये, नवख्या माणसाबरोबर नाचताना बघा. तिथे छान नाचत असतील तर डोळे झाकून लावा क्लास.

शास्त्रीय नृत्य, बॅले किंवा स्टेजवरून आलेल्यांबद्दल फार लिहीत नाही, शिस्त आणि शरीराची समज उत्तम, वॉर्मअप तर यांच्याकडूनच शिकावा, पण क्लासचा बराचसा वेळ बसवलेला नाच पाठ करण्यात जातोय का एवढं तपासा. बसवलेला नाच दिसतो सुंदर, मात्र पार्टनर बदलला की हातात काही उरत नाही.

आता हे कप्पे काही पक्के नसतात, आणि सगळ्यात चांगले शिक्षक दोन वाटा चाललेले असतात असं माझं ठाम मत आहे. न्यूयॉर्कचे एडी टोरेस बघा, जन्म १९५०, क्लबमध्ये बघून बघून शिकलेले, लॅटिन संगीतकार टिटो पुएंते यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर नाचलेले, म्हणजे पक्के फ्लोअरचे. पण जून लाबर्टा नावाच्या बॉलरूम शिक्षिकेनं त्यांना काउंट, रचना, थिअरी शिकायला लावली, आणि मग आपण ज्याला 'ऑन टू' म्हणतो, म्हणजे दुसऱ्या ठोक्यावर दिशा बदलणारी, ती सालसा त्यांनी अशी बांधून दिली की ती जगभर शिकवता आली. दोघांपैकी एकच असतं तर हे झालं नसतं.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही, शिकवणाऱ्याला दोन्ही रोल येतात का? अनेक बायका फॉलो शिकायला आल्या, क्लासमध्ये लीड करणारे कमी पडले म्हणून लीड करायला लागल्या आणि त्यातून शिक्षिका झाल्या. अशा शिक्षिका मला मिळाल्यात आणि त्यांना तुमच्या हाताला हात लावला की कळतं चूक कुणाची आहे. जोडीनं शिकवणारे असतील तर बघा की फॉलो करणाऱ्या मॅडम बोलतात का, की नुसत्या सरांचं दाखवायला उभ्या असतात. तासभरात त्यांचं एक वाक्य आलं नाही तर तुम्ही फॉलो शिकायला तिथे जाऊ नका, तुम्हालाही कुणी काही सांगणार नाहीये.

तर ठरवायचं कसं. मला नाच येणारच नाही असं वाटणारे, डावं-उजवं गोंधळणारे, मोठ्या वयात सुरू करणारे असाल तर उशिरा आलेल्या शिक्षकाकडे जा, दुसरा विचारच नको. अंगात ताल आहे, लग्नात-पार्टीत नाचता, फक्त जोडीनं जमत नाही, असं असेल तर फ्लोअरवाल्याकडे थेट गेलात तरी चालेल, तुम्हाला त्यांची भाषा कळेल. स्टेप्स भरपूर येतात पण अंग वाकडं राहतं किंवा नाचून आल्यावर दुखतं, तर परीक्षा दिलेले बरे. आणि वर्ष-दोन वर्षांनी जाणूनबुजून वेगळ्या वाटेच्या शिक्षकाकडे जा, यात पहिल्या शिक्षकाशी बेइमानी वगैरे काही नसतं, चांगले शिक्षक स्वतःच पाठवतात. माझ्या वहीवाल्या सरांनीच मला म्हटलं होतं की आता गाणं ऐकायला तुझ्या पहिल्या सरांकडे जा.

ट्रायल क्लासला गेलात की संपल्यावर दोन मिनिटं थांबा आणि विचारा की तुम्ही कसं सुरू केलंत, आणि मग लगेच, तुम्हाला काय सगळ्यात जास्त जड गेलं? पहिल्या प्रश्नाला सगळेच छान उत्तर देतात. दुसऱ्याला काही जण म्हणतात तसं काही नाही, आवड होती, जमत गेलं. आणि काही जण जरा थांबतात, पायाकडे बघतात, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी ती जड गेलेली स्टेप तुमच्यासमोर आधी चुकीची करून दाखवतात, मग बरोबर.